मॅनेजरला दोष देण्याआधी: बेसबॉलच्या वादात या चुका टाळा

अमेरिकेत ऑक्टोबर हा बेसबॉलच्या प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा) महिना, आणि मॅनेजरच्या, म्हणजे सामन्यात डावपेच ठरवणाऱ्या प्रमुखाच्या, नावानं बोटं मोडण्याचाही. न्यू जर्सीत वाढणारी मराठी मुलं यँकीज नाहीतर मेट्स या न्यूयॉर्कच्या संघांची बाजू घेतात, आणि त्यांच्याबरोबर सामने बघता बघता आईवडीलही या वादात ओढले जातात. वाद व्हायलाच हवा. १६२ सामन्यांच्या हंगामात रोज काही ना काही निर्णय होतात. त्यांवर बोललंच नाही तर खेळ अर्धाच बघितल्यासारखं होतं. पण बहुतेक वाद त्याच त्या जागी घसरतात, आणि त्या जागा माहीत असल्या की घसरण टाळता येते.

क्रिकेटच्या कॅप्टनची मोजपट्टी लावणं

आपल्याकडून ही चूक हमखास होते. क्रिकेटमध्ये बोलरला थांबवलं तरी तो मैदानातच असतो, तासाभरानं दुसऱ्या टोकाकडून आणता येतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, सामन्यातून काढलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही. स्टार्टिंग पिचरला (सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्याला) काढणं म्हणजे ती वाट कायमची बंद करणं. बदली पिचरला बुलपेनमध्ये (बदली पिचर सराव करतात त्या जागेत) आधी हात गरम करावा लागतो, त्यामुळे टीव्हीवर दिसणारा निर्णय खरं तर बराच आधी सुरू झालेला असतो. शिवाय २०२० पासून नव्या पिचरनं किमान तीन बॅटर्सना सामोरं जायचं किंवा इनिंग संपवायची, असा नियम आहे. ‘या एका बॅटरपुरता डावखुरा का नाही आणला?’ असं विचारण्याआधी पुढचे दोन बॅटर कोण आहेत ते बघा.

२०११ च्या वर्ल्ड सीरिजच्या (हंगामाच्या अंतिम मालिकेच्या) पाचव्या सामन्यात सेंट लुईस कार्डिनल्सचे मॅनेजर टोनी ला रुसा यांना आठव्या इनिंगमध्ये जेसन मॉट हा बदली पिचर तयार हवा होता. टेक्सासच्या मैदानातल्या गोंगाटात बुलपेनच्या फोनवर त्याचं नाव ऐकूच गेलं नाही. मॉट तयार नसल्यामुळे डावखुऱ्या मार्क झेप्चिन्स्कीला उजव्या हाताच्या (म्हणून डावखुऱ्याचे चेंडू सोपे जाणाऱ्या) माइक नेपोलीसमोर ठेवावं लागलं, आणि नेपोलीनं दोन धावांचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. नंतर फोन केला तर मॉटऐवजी लान्स लिन हा दुसराच पिचर बाहेर आला. घरी बसून बघणाऱ्याला वाटलं, ला रुसांचा हिशेब चुकला. चूक त्यांच्याच व्यवस्थेची होती, पण ती निरोप पोचवण्यातली होती, डावपेचातली नव्हती. टीका करताना हा फरक धरायला हवा.

निकाल बघून निर्णयाला नाव ठेवणं

सगळ्यात मोठा खड्डा हाच. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना. टॅम्पा बे रेज १-० नं पुढे आणि त्यांचा पिचर ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सला उभंच राहू देत नव्हता: ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), एकही वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकटचा बेस) नाही. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सनं सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) मारला, स्नेलनं दिलेला तो अवघा दुसरा हिट. लगेच मॅनेजर केव्हिन कॅश डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) निघाले आणि त्यांनी स्नेलला काढून निक अँडरसनला आणलं. मूकी बेट्सचा डबल, मग वाइल्ड पिचवर (भरकटलेल्या चेंडूवर) बरोबरी, मग कोरी सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) आघाडी. डॉजर्स ३-१ नं जिंकले आणि १९८८ नंतर पहिल्यांदाच विजेते झाले.

कॅशच्या बाजूनं मुद्दे आहेत. एकच पिचर सामन्यात तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर्सना त्याचे चेंडू अधिक चांगले कळतात, हे साऱ्या लीगच्या आकड्यांत दिसतं. स्नेलनं त्या वर्षी एकाही सामन्यात सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या. पिचरला लवकर काढूनच रेजनं कोविडमुळे छोट्या झालेल्या त्या हंगामात ६० पैकी ४० सामने जिंकले होते. विरुद्ध बाजूही तितकीच ठोस आहे: येणारे तिघे, बेट्स, सीगर आणि जस्टिन टर्नर, त्या रात्री स्नेलसमोर मिळून सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. आणि ज्याला आणलं त्या अँडरसननं आधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या.

माझं मत सांगतो. स्नेलला काढणं वादग्रस्त होतं, पण समजण्यासारखं होतं. अँडरसनला आणणं चुकलं. आणि बेट्सचा फटका सरळ कुणाच्या हातात गेला असता तरी ते चुकलेलंच राहिलं असतं. टीकेला ही एक कसोटी लावून बघा: निकाल उलटा लागला असता तर तुम्ही हेच बोलला असता का?

त्याच वर्षी कॅशना अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कार मिळाला, तेव्हा बरेच जण भडकले. त्यासाठीचं मतदान प्लेऑफच्या आधीच होतं, हे वाद घालण्याआधी बघून घ्यायला हवं होतं.

आता याच्या नेमकं उलटं उदाहरण. १६ ऑक्टोबर २००३, यँकी स्टेडियम, बॉस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये ५-२ नं पुढे. त्यांचा पिचर पेड्रो मार्टिनेझ थकलेला दिसत होता. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्याशी बोलायला गेले आणि त्याला तसंच ठेवून परतले. यँकीजनी बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये आरोन बूनच्या होम रननं (मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यानं) सामना, आणि अमेरिकन लीगचं विजेतेपद, नेलं. लिटलनी पिचरवर विश्वास ठेवला म्हणून ते दोषी, कॅशनी आकड्यांवर ठेवला म्हणून तेही दोषी. दोन्ही रात्रींवर ‘मॅनेजरनं डोळ्यांना दिसतं ते बघावं’ असं म्हणणारा माणूस निदान स्वतःशी सुसंगत आहे. एकदा ‘आकडे बघ’ आणि एकदा ‘आकडे फेकून दे’ म्हणणाऱ्यानं आधी आपली भूमिका ठरवावी.

मालक आणि जनरल मॅनेजरचा हिशेब मॅनेजरच्या खात्यात मांडणं

लिटलचा करार रेड सॉक्सनी वाढवला नाही. पुढच्याच वर्षी टेरी फ्रँकोना आले आणि संघानं १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. ‘बघा, मॅनेजर बदलला आणि सगळं बदललं’ हे वाक्य तेव्हापासून ऐकू येतं. पण त्या दोन हंगामांच्या मधल्या काळात खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन यांनी कर्ट शिलिंग आणि कीथ फोक हे दोन पिचर आणले होते. शेवटच्या इनिंगला बोलवायला हक्काचा माणूसच नव्हता, ही लिटलची अडचण फ्रँकोनांना आलीच नाही.

मॅनेजर केसी स्टेंगलचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. १९४९ ते १९६० या बारा हंगामांत यँकीजना त्यांनी सात वेळा वर्ल्ड सीरिज जिंकून दिली. त्याआधी ब्रुकलिन आणि बॉस्टनमध्ये त्यांच्या हाती काहीच लागलं नव्हतं, आणि १९६२ साली नव्यानं जन्मलेल्या मेट्सबरोबर ते १२० सामने हरले. खेळाडू कोण आणायचे, पैसा किती ओतायचा, हे डगआउटच्या वर ठरतं.

एका धावेचे विजय म्हणजे मॅनेजरची हुशारी

बाल्टिमोर ओरिओल्स, २०१२. बक शोवॉल्टर यांच्या संघानं ९३ सामने जिंकले. एका धावेनं सुटलेल्या सामन्यांत त्यांची कामगिरी होती २९ विजय, ९ पराभव. कौतुकाला उधाण आलं: बुलपेन वापरावं तर शोवॉल्टरनी! पण साऱ्या हंगामात त्यांनी ७१२ धावा केल्या होत्या आणि ७०५ दिल्या होत्या. एवढ्या फरकानं संघ साधारण ८१-८२ सामने जिंकतो. पुढच्या वर्षी तोच मॅनेजर, आणि अशाच सामन्यांत २० विजय, ३१ पराभव. संघाचं खरं वजन बघायचं तर आधी धावांचा फरक बघा. एका धावेच्या सामन्यांतलं नशीब हंगामागणिक पालटतं.

याच शोवॉल्टरांवर २०१६ मध्ये जी टीका झाली ती मात्र मला पूर्ण पटते. टोरंटोत बाद फेरीचा एकच सामना, अकरावी इनिंग, २-२ अशी बरोबरी. शेवटच्या इनिंगला आघाडी राखायला येणाऱ्या झॅक ब्रिटननं त्या हंगामात ४७ पैकी ४७ सामने राखले होते आणि त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) होता ०.५४. तो बुलपेनमध्येच बसून राहिला, आघाडी मिळाली की आणू म्हणून. टोरंटोच्या एडविन एनकार्नासिओननं ओरिओल्सच्या उबाल्डो हिमेनेझला तीन धावांचा होम रन मारला आणि हंगाम तिथेच संपला. ही पश्चातबुद्धी नव्हे. हरलो तर उद्याचा सामना नाही आणि यजमानांची एक धाव म्हणजे सामना खलास, हे चेंडू पडण्याआधीच सगळ्यांना माहीत होतं.

कपाळावर कायमचा शिक्का मारणं

डॉजर्सचे डेव्ह रॉबर्ट्स यांनी २०१९ च्या प्लेऑफमध्ये, नॅशनल्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, पिचर क्लेटन केर्शॉला आठव्या इनिंगसाठीही ठेवलं. अँथनी रेंडॉन आणि हुआन सोटो यांनी लागोपाठ दोन होम रन मारून ३-१ ची आघाडी पुसली. १०६ सामने जिंकलेला संघ पहिल्याच मालिकेत बाहेर पडला आणि रॉबर्ट्सना काढा अशी ओरड झाली. क्लबनं काढलं नाही. २०२०, २०२४, २०२५: तीन वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली. २०२५ च्या सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना त्यांनी बचावासाठी अँडी पाहेसला सेंटर फिल्डमध्ये आणलं. काही क्षणांतच टोरंटोच्या अर्नी क्लेमेंटचा खोल फटका त्यानं सहकाऱ्यावर आदळत झेलला आणि सामना वाचला. चेंडू त्याच्याकडे आला नसता तरी तो बदल योग्यच होता. २०१९ साली ताज्या दमाचे रिलीव्हर (बदली पिचर) हाताशी असताना केर्शॉला ठेवणं चुकीचं होतं, आणि तीन विजेतेपदांनंतरही ते चुकीचंच आहे.