ट्रान्सफरसाठी नुसता जीपीए बघू नका

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजात) दोन वर्षं करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, हा रस्ता मी इंजिनिअरिंगसाठी धरला. आता नवीन मुलं भेटतात तेव्हा हमखास विचारतात, "जीपीए किती लागतो?" जीपीए म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी. त्याची कागदावरची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ आहे. तेवढ्यावर अर्ज करता येतो, इतकंच. गर्दीच्या शाखांमध्ये प्रवेश मिळालेल्यांचे आकडे बरेच वर असतात. शिवाय तो जीपीए कुठल्या विषयांतून आला, हेही तपासलं जातं.

माझं ठाम मत आहे की इंजिनिअरिंगच्या अर्जात हलकेफुलके विषय घेऊन जमवलेल्या ३.९ पेक्षा कॅल्क्युलस आणि फिजिक्स वेळेत संपवून मिळवलेला ३.७ जास्त वजनदार ठरतो. तिसऱ्या वर्षाचे वर्ग या विषयांच्या पायावर उभे असतात. ते राहिले असतील तर चांगला जीपीएसुद्धा तोकडा पडतो.

इथे खरी अडचण साखळीची आहे. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस नाही, आणि इंजिनिअरिंगचं फिजिक्स कॅल्क्युलसवर अडलेलं. पहिल्या सत्रात प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात झाली, तर उन्हाळी सत्र धरल्याशिवाय दोन वर्षांत सगळं बसवणं फार कठीण जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात 'असिस्ट' या संकेतस्थळावर आपलं कॉलेज, यूसीचा हवा तो कॅम्पस आणि शाखा निवडून यादी काढा. आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स तिकडे कशाच्या बदल्यात धरतात, हे तिथे ओळीने दिसतं. ती यादी घेऊनच काउन्सेलरकडे जा. एकाच शाखेसाठी दोन कॅम्पसच्या अटी वेगळ्या असू शकतात, हे मला त्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं.

आता ग्रेडचा हिशेब. समजा वर्षभरात ३० युनिट्स (कोर्सचं वजन मोजायचं एकक) झाली. सगळीकडे ए (४ गुण), फक्त पाच युनिटांच्या कॅल्क्युलसमध्ये सी (२ गुण). जीपीए ३.६७ येतो. तोच सी तीन युनिटांच्या एखाद्या इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयात) असता तर ३.८ आला असता. म्हणजे अवघड विषय युनिटांनीही जड असतात. अभ्यासाचे तास तिकडेच जास्त जायला हवेत. आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत डी किंवा एफ मिळालेला कोर्स पुन्हा करता येतो, पण सी मिळाला की ग्रेड सुधारण्यासाठी तोच कोर्स सहसा परत घेता येत नाही. म्हणूनच एका सत्रात तीन जड विषय कोंबणं मला पटत नाही. दोन जड आणि एक-दोन जनरल एज्युकेशनचे (शाखेबाहेरचे सर्वसाधारण विषय), ही विभागणी बहुतेकांना झेपते.

विषय मध्येच सोडून डब्ल्यू (विथड्रॉ) घेतला तर जीपीएला धक्का लागत नाही, पण तो ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) दिसतो. एखादा असेल तर बिघडत नाही. मात्र तो साखळीतल्या विषयात असेल तर पुढचं सगळं एक सत्र मागे सरकतं.

अजून एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. यूसीचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रातच भरायचा असतो. त्या वेळी हातात फक्त पहिल्या वर्षाच्या आणि उन्हाळ्याच्या ग्रेड असतात. 'पहिलं वर्ष रुळण्यात जाऊ दे, दुसऱ्या वर्षी भरून काढू' हा हिशेब इथे चालत नाही. सुरू असलेल्या सत्राच्या ग्रेड अर्जाच्या जानेवारीतल्या अपडेटमध्ये भराव्या लागतात. सुरुवात अडखळत झाली असेल तर तोच मौका असतो. जास्त अवघड विषय आणि तरीही चढत्या ग्रेड, हे त्यात ठळक दिसतं.

होकार आला तरी तो सशर्त असतो. शेवटच्या सत्रात ठरलेला विषय परस्पर सोडला किंवा ग्रेड घसरल्या, तर प्रवेश रद्द होऊ शकतो. विषय बदलावाच लागला तर आधी त्या कॅम्पसच्या ॲडमिशन ऑफिसला कळवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचावं लागतं, त्यामुळे शेवटच्या ग्रेड लागल्या की लगेच ते पाठवायला सांगा.