मानवी अंतराळमोहिमेचा माग कसा ठेवावा

अंतराळवीरांच्या बातम्यांत तारखा भरपूर असतात, कारणे थोडी. उड्डाण पुढे गेले एवढे छापून येते. का गेले आणि आता नेमके किती वाजता होणार, हे वाचकाने स्वतःच शोधायचे असते. ते शोधता येते. त्यासाठी एक वही, थोडी आकडेमोड आणि निवडलेली मोहीम शेवटपर्यंत न सोडण्याची सवय एवढे पुरते.

१. सध्या वर कोण आहे ते लिहा

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही रिकामे राहिलेले नाही. तिथे एरवी सात जण असतात: तिघे रशियाच्या सोयूझ यानाने आलेले, चौघे स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगनने. चीनच्या तियानगोंग स्थानकावर तिघे असतात आणि साधारण सहा महिन्यांनी चमू बदलतो. वहीत चार रकाने आखा: अंतराळवीर, कोणत्या यानाने आले, ते यान स्थानकाच्या कोणत्या दाराला जोडले आहे, आणि परत कशातून येणार.

तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, पण वेळापत्रकाची किल्ली तिथेच आहे. ड्रॅगन आणि बोईंगचे स्टारलायनर या यानांना जोडता येतील अशी दारे स्थानकावर दोनच आहेत, दोन्ही हार्मनी या भागावर: एक पुढचे, एक वरचे. नवा चमू, मालवाहू ड्रॅगन, खासगी मोहीम, सगळ्यांची रांग याच दोन दारांशी लागते. म्हणूनच समुद्रावरच्या वाऱ्यामुळे एका यानाचे परतणे लांबले, की त्याच्याशी संबंध नसलेल्या मोहिमेचे उड्डाण पुढे सरकते.

चौथ्या रकान्यात कोणापुढेही जागा कोरी राहता कामा नये, कारण प्रत्येकासाठी आणीबाणीत परतायचे आसन ठरलेले असावे लागते. ५ जून २०२४ रोजी स्टारलायनरमधून गेलेले बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स ‘अडकले’ असे मथळे महिनोन्महिने येत होते. प्रत्यक्षात त्यांचे यान ७ सप्टेंबरला रिकामे परतले, तेव्हा तिथे असलेल्या दुसऱ्या ड्रॅगनमध्ये त्यांच्यासाठी तात्पुरती सोय केलेली होती. महिनाअखेरीस पुढच्या चमूचे, म्हणजे क्रू-९ मोहिमेचे ड्रॅगन दोन आसने मोकळी ठेवूनच पोहोचले आणि त्यातूनच दोघे मार्च २०२५ मध्ये उतरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनवर उलटी वेळ आली. शेन्झोउ-२० यानाच्या खिडकीला तडा गेल्यामुळे त्याचा चमू नव्या चमूच्या शेन्झोउ-२१मधून परतला, आणि वर राहिलेल्या तिघांसाठी शेन्झोउ-२२ घाईने, माणसांविना पाठवावे लागले. ज्याचा चौथा रकाना भरलेला होता, त्याला हे पाठवणे आधीच अपरिहार्य दिसले असणार.

२. सगळ्या वेळा एकाच घड्याळात आणा

अमेरिकी बातमी फ्लोरिडाच्या वेळेत असते, रशियन बातमी मॉस्कोच्या, चिनी बातमी बीजिंगच्या. वहीत फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहा आणि शेजारी आपली स्थानिक वेळ. हे न केल्यास तारीखच चुकते. ड्रॅगनच्या क्रू-१० मोहिमेचे उड्डाण फ्लोरिडात १४ मार्च २०२५ला संध्याकाळी ७:०३ला झाले. ते यूटीसीप्रमाणे रात्री २३:०३ होते, आणि त्याच क्षणी आशियात १५ मार्च उजाडलेला होता. दोन वृत्तपत्रांत दोन तारखा दिसल्या तर आधी हे तपासा.

तारखेआधी ‘एनईटी’ लिहिले असेल, तर उड्डाण त्या दिवसाच्या आधी होणार नाही, एवढेच आश्वासन मिळाले असे समजा. नुसता महिना दिला असेल तर पेन्सिलीने लिहा. उड्डाणसज्जतेची बैठक होऊन नेमकी वेळ जाहीर झाली की मगच शाईने.

३. पुढे ढकललेल्या उड्डाणाची वेळ स्वतः काढा

स्थानकाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ५१.६ अंश आहे. पृथ्वी फिरता फिरता प्रक्षेपणतळ त्या कक्षेच्या प्रतलाखाली (कक्षा ज्या सपाट पातळीत आहे तिच्याखाली) येतो, तोच क्षण साधायचा असतो. त्यामुळे स्थानकाकडे निघणाऱ्या ड्रॅगनला दिवसाकाठी एकच नेमकी वेळ मिळते. शिवाय कक्षेचे प्रतल स्वतःही हळूहळू वळत असते, म्हणून ही वेळ रोज सुमारे साडेतेवीस मिनिटे अलीकडे येते.

शुभांशु शुक्ला ज्या ॲक्झियम-४ मोहिमेत होते, तिच्यावर हे पडताळून पाहा. १० जून २०२५ची वेळ १२:२२ यूटीसी होती. हवामानामुळे ती ११ जूनला १२:०० झाली. मग प्रक्षेपकात द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली, पाठोपाठ स्थानकाच्या झ्वेज्दा भागातल्या हवागळतीची तपासणी निघाली. शेवटी उड्डाण झाले २५ जूनला. चौदा दिवस गुणिले साडेतेवीस म्हणजे ३२९ मिनिटे, अर्थात ५ तास २९ मिनिटे. १२:०० मधून वजा करा: ०६:३१. उड्डाण बरोबर त्याच मिनिटाला झाले. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने जमला, की ‘वेळ का बदलली’ असा प्रश्न उरत नाही.

दिवस बदलला की प्रवासाचा काळही बदलू शकतो. २१ मार्च २०२४ला सोयूझ एमएस-२५चे उड्डाण सुमारे वीस सेकंद आधी आपोआप थांबले. एका बॅटरीतला विद्युतदाब उतरला होता. त्या दिवशी यान तीनेक तासांत स्थानकाला जोडले गेले असते. २३ मार्चला निघाल्यावर स्थानक कक्षेत वेगळ्या जागी होते, आणि तोच प्रवास दोन दिवसांचा झाला.

४. उड्डाण पाहताना काय ऐकावे

क्रू ड्रॅगनसाठी शेवटचा पाऊण तास महत्त्वाचा. ४५ मिनिटे उरली असताना इंधन भरायची परवानगी मिळते, त्यानंतर यानात चढायचा पूल बाजूला होतो, आणीबाणीत यान प्रक्षेपकापासून दूर नेणारी सुटका यंत्रणा सज्ज होते, आणि ३५ मिनिटे उरली की इंधन भरणे सुरू होते. इंधन आणि ऑक्सिजन अतिशय थंड केलेले असतात. थांबले तर तापतात. त्यात वेळ एकच. म्हणून या टप्प्यानंतर न सुटलेली अडचण म्हणजे त्या दिवसाचे उड्डाण रद्द.

उड्डाणानंतर साधारण एक मिनिटाने हवेचा दाब कमाल असतो, अडीच मिनिटांच्या सुमारास पहिला टप्पा सुटतो, नवव्या मिनिटाच्या आसपास कक्षा मिळते आणि त्यानंतर थोड्याच वेळात यान प्रक्षेपकापासून मोकळे होते. पडद्यावरच्या चित्रापेक्षा नियंत्रण कक्षाच्या आवाजावर भरवसा ठेवा, कारण अनेकदा ते चित्र आधीच बनवलेले असते. ११ ऑक्टोबर २०१८ला सोयूझ एमएस-१०च्या प्रक्षेपकाचा एक बूस्टर (बाजूचा साहाय्यक भाग) नीट सुटला नाही, तेव्हा पडद्यावरचे चित्र सुरळीत उड्डाणच दाखवत होते. सुटका यंत्रणेमुळे दोघे अंतराळवीर सुखरूप उतरले.

५. परतीचा प्रवास चुकवू नका

सोयूझ स्थानकापासून सुटल्यावर सुमारे साडेतीन तासांनी जमिनीवर असते. त्यातला वेग कमी करणारा ज्वलनकाळ जेमतेम पावणेपाच मिनिटांचा. वातावरणात शिरताना तापलेल्या वायूच्या आवरणामुळे काही मिनिटे संपर्क तुटतो. ही शांतता अपेक्षित असते, तिच्यावरून तर्क लढवू नका. त्यानंतर पॅराशूट मोजा: ड्रॅगनला आधी दोन छोटी, मग चार मोठी, सोयूझ आणि शेन्झोउला मुख्य पॅराशूट एकच.

६. न उडालेल्या कार्यक्रमाच्या चाचण्या मोजा

गगनयानसारखा कार्यक्रम जाहीर तारखांवरून पाहिला तर निराशाच पदरी पडते. त्याऐवजी चाचण्यांची यादी करा. २१ ऑक्टोबर २०२३च्या टीव्ही-डी१ चाचणीत उलटगणती पाच सेकंदांवर थांबली, दोष दूर झाला, आणि त्याच सकाळी सुटका यंत्रणेने कुपी प्रक्षेपकापासून दूर नेऊन दाखवली. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून कुपीची प्रतिकृती सोडून पॅराशूट तपासली गेली. मानवरहित उड्डाण, जीवरक्षक यंत्रणा, समुद्रातून कुपी उचलणे, या प्रत्येकापुढे खूण होईपर्यंत माणसांच्या उड्डाणाची तारीख पेन्सिलीतच राहू द्या.

अमेरिकी कार्यक्रमांसाठी नासाच्या महानिरीक्षकांचे आणि सुरक्षा सल्लागार मंडळाचे अहवाल वाचा. ते रूक्ष असतात, पण खर्च आणि धोके तिथे स्पष्ट लिहिलेले असतात. चीन चमूची नावे सहसा उड्डाणाच्या आदल्या दिवशी सांगतो. त्याआधीची खूण म्हणजे प्रक्षेपक तळावर उभा राहणे आणि विमानांसाठी हवाई क्षेत्र बंद केल्याची सूचना.

७. आकडे लिहिताना व्याख्या लिहा

आजवर किती माणसे अंतराळात गेली, याची वेगवेगळी उत्तरे मिळतात. अमेरिकेत ८० किलोमीटरची सीमा धरतात, आंतरराष्ट्रीय विक्रमांसाठी १०० किलोमीटरची. कक्षेत गेलेल्यांची मोजणी आणखी वेगळी. सप्टेंबर २०२४ मध्ये एकाच वेळी १९ माणसे कक्षेत होती, बारा आंतरराष्ट्रीय स्थानकावर, तिघे तियानगोंगवर, चौघे पोलारिस डॉन या खासगी मोहिमेत. असा आकडा नोंदवताना बेरीज शेजारी मांडून ठेवा, म्हणजे नवा विक्रम झाल्याची बातमी आली की दोन मिनिटांत पडताळता येईल.