फार्महाऊसच्या स्विमिंग पूलचं पाणी का बिघडतं? या चुका टाळा

कर्जत, अलिबाग, लोणावळा, मुळशी या पट्ट्यातल्या पूलची तक्रार बहुधा शुक्रवारी संध्याकाळी सुरू होते: उद्या पाहुणे येणार आणि पाणी हिरवं. मग केअरटेकर क्लोरीनचा अर्धा डबा ओततो, शनिवारी पोरांचे डोळे लाल होतात आणि पुढच्या शुक्रवारी पाणी पुन्हा हिरवं. औषध कमी पडलं असं सगळ्यांना वाटतं. पण बहुतेक पूलमध्ये औषध भरपूर पडलेलं असतं, फक्त न मोजता पडलेलं असतं.

पहिली चूक अगदी मुळातली: आपल्या पूलमध्ये किती पाणी आहे हेच माहीत नसणं. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला १००० ने गुणा. १० मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल असलेल्या पूलमध्ये ५०,००० लिटर पाणी मावतं. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर रंगवून ठेवा. पुढची सगळी मापं याच ५०,००० लिटरच्या पूलसाठी दिली आहेत. तुमचा पूल अर्धा असेल तर मापही अर्धं.

क्लोरीन मोजताना होणारे घोटाळे

ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ती ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकल्यावर पिवळा रंग येणारी, पूलला अपुरी पडते. ती एकूण क्लोरीन दाखवते. त्यातलं मोकळं, म्हणजे अजून काम करू शकणारं क्लोरीन किती आणि घाम-लघवीशी बांधलं गेलेलं किती, हे तिच्यातून कळत नाही. पूलसाठी डीपीडी टॅब्लेटचं किट घ्या. १ नंबरच्या गोळीने मोकळं क्लोरीन कळतं, त्याच नळीत ३ नंबरची गोळी टाकली की एकूण कळतं. दोन्हींतला फरक ०.५ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) जास्त असेल तर पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे ते बांधलं गेलेलं क्लोरीन, साठलंय. नाकात जाणारा तो उग्र ‘क्लोरीनचा वास’ याचाच असतो. म्हणजे वास आला म्हणून क्लोरीन बंद करणं हा बरोबर उलटा उपाय झाला.

डीपीडीचा एक चकवा लक्षात ठेवा. मोकळं क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की गुलाबी रंग येतो आणि लगेच उडतो, नळी पांढरी दिसते. पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य, आणि तो आणखी ओततो. शंका आली तर नमुन्यात त्याच्या चौपट साधं पाणी मिसळून मोजा आणि आलेल्या आकड्याला ५ ने गुणा. इतकं क्लोरीन असताना पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) दाखवणारा लाल थेंबही खोटं बोलतो, जांभळट होऊन पीएच फार चढलाय असं दाखवतो.

नमुना कोपरभर खोलीवरून घ्या, फिल्टरमधून पाणी परत येतं त्या रिटर्नच्या तोंडाशी नको. किट पंपरूमच्या उकाड्यात ठेवू नका.

पीएच आणि अल्कलिनिटी: आधी कोण?

पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा, ७.४–७.६ उत्तम. कारण निव्वळ डोळ्यांचं नाही. साध्या पाण्यात पीएच ७.२ असताना क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा, आणि ८ ला जेमतेम पाचवा हिस्सा. पाण्यात सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) असलं की हा फरक थोडा बोथट होतो, पण ८.२ च्या पाण्यात क्लोरीन ओतण्यात पैसे वायाच जातात.

पीएच स्थिर ठेवण्याचं काम अल्कलिनिटी करते. ती ८० ते १२० पीपीएम असावी. ती ५० वर घसरली की पीएच रोज इकडून तिकडे उड्या मारतो. २०० वर गेली की कितीही ॲसिड घाला, दोन दिवसांत पीएच परत वर. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. दोन औषधांमध्ये पंप चालू ठेवून किमान चार ते सहा तास जाऊ द्या.

इथे सर्रास होणारी गफलत सोड्याची. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो आणि पीएचला फारसा हात लावत नाही. ८५० ग्रॅम घातला की अल्कलिनिटी १० पीपीएमने चढते. सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, पीएच झटक्यात वर नेतो. बोअरच्या जड पाण्यात तो दोन-तीन किलो एकदम पडला तर पाण्यातला चुना साक्यासारखा बाहेर पडतो आणि पूल दुधाळ होतो. मग क्लोरीन कमी पडलं समजून शॉक देतात, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन ओततात, पाणी दुधाळच राहतं. अशा वेळी पीएच ७.२ ला आणा, फिल्टर दिवसरात्र चालवा. दोन दिवसांत निवळतं.

पीएच उतरवायला म्युरिॲटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते एका वेळी ३०० मिलीपेक्षा जास्त नको. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड सोडा, आणि पंप चालू असताना खोल बाजूला कडेकडेने पसरा. चार तासांनी मोजा. ३३ टक्के ताकदीचं जवळपास एक लिटर ॲसिड अल्कलिनिटीही १० पीपीएमने खाली आणतं, हे हिशेबात धरा.

टीसीसीएच्या टॅब्लेट आणि वाढत जाणारं सायन्युरिक

महाराष्ट्रातले निम्मेअधिक बिघडलेले पूल इथे बिघडतात असं म्हणायला हरकत नाही, म्हणून जरा सविस्तर.

उन्हात उघडं क्लोरीन टिकत नाही. भर दुपारी अर्धं क्लोरीन तासाभरातच उडून जातं. सायन्युरिक ॲसिड त्याला सावली देतं आणि ३० ते ५० पीपीएम सायन्युरिक उघड्या पूलला हवंच. टीसीसीए ९० च्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) पावडरीत किंवा टॅब्लेटमध्ये क्लोरीनबरोबर तेच सायन्युरिक बांधलेलं येतं. क्लोरीन खर्च होतं, सायन्युरिक मात्र पाण्यातच राहतं. ऊन त्याला उडवत नाही, वाळूचा फिल्टर त्याला धरत नाही.

हिशेब करून बघा. टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम सायन्युरिक जमा होतं. ५०,००० लिटरला रोज २ पीपीएम क्लोरीन द्यायला ११० ग्रॅम टीसीसीए लागतं. महिन्यात सायन्युरिक ३६ पीपीएमने वाढलं. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर शून्यापासून सुरुवात केली तरी जानेवारीत आकडा शंभरी गाठतो. आता किटवर क्लोरीन ३ दिसतं, पण सायन्युरिक इतकं घट्ट धरून बसलेलं असतं की शेवाळ त्याला जुमानत नाही. सायन्युरिक ४० असेल तर मोकळं क्लोरीन किमान ३ पुरतं. १०० असेल तर ७–८ ठेवावं लागतं. आणि केअरटेकर हिरवळ बघून काय टाकतो? आणखी टीसीसीए.

सायन्युरिकच्या चाचणीत नमुना आणि औषध मिसळल्यावर पाणी गढूळ होतं, आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचं. १०० च्या पुढे ही चाचणी भरवशाची नाही. तिथे नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून आकडा दुप्पट धरा.

ते उतरवायचा खात्रीचा मार्ग एकच, पाणी बदलणं. १२० वरून ४० वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी काढावं लागेल. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या भावात हे परवडत नाही, म्हणून पावसाळ्याचा उपयोग करून घ्या (पुढे सांगितलं आहे). त्यानंतर टीसीसीए फक्त सायन्युरिक ३०–४० वर पोहोचेपर्यंत वापरा आणि मग लिक्विड हायपोवर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणावर या. दहा टक्क्यांचं अर्धा लिटर हायपो ५०,००० लिटरला १ पीपीएम देतं. हायपो उन्हात आणि उष्णतेत झपाट्याने मरतं. पंधरवड्याला पुरेल एवढंच आणा, सावलीत ठेवा.

टॅब्लेट स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) टोपलीत टाकून पंप बंद करणं ही आणखी एक सवय. रात्रभर त्या थोड्याशा पाण्यात ॲसिडसारखं तीव्र द्रावण तयार होतं आणि सकाळी पंप सुरू होताच ते पंपाच्या सीलमधून आणि हीटर असेल तर त्याच्या तांब्याच्या नळ्यांतून जातं. तरंगता डिस्पेन्सर स्वस्त आहे, तो घ्या.

ब्लीचिंग पावडरबद्दल थोडक्यात: स्वस्त आहे, पण चुना तळाशी बसतो, पाण्याचा जडपणा आणि पीएच दोन्ही वाढतात. दख्खनच्या बोअरच्या पाण्यात जडपणा आधीच भरपूर, तिथे ती नकोच. टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा थर दिसतो तो याच चुन्याचा.

हिरवं पाणी, मोरचूद आणि तुरटी

मोरचूद टाकला की शेवाळ मरतं, हे खरं. पण २०० ग्रॅम मोरचूद म्हणजे ५०,००० लिटरमध्ये १ पीपीएम तांबं, आणि तांबंही सायन्युरिकसारखंच पाण्यात साठत राहतं. पीएच चढला की ते प्लास्टरवर निळे-काळे डाग पाडतं, गोऱ्या किंवा रंगवलेल्या केसांना हिरवट झाक आणतं. शॉक दिल्यावर पाणी हिरवं पण आरपार स्वच्छ दिसत असेल तर तो शेवाळाचा रंग नव्हे, धातूचा आहे. आणखी क्लोरीन घालू नका. कोकणातल्या लाल मातीच्या विहिरीचं पाणी भरल्यावर पहिल्या क्लोरीनला पूल चहासारखा होतो तो लोहाचा प्रकार.

शेवाळ खरंच असेल तर: पीएच ७.२ वर आणा, भिंती-पायऱ्या ब्रशने घासा, सूर्यास्तानंतर शॉक द्या. सायन्युरिक ४० असेल तर मोकळं क्लोरीन १६ पर्यंत न्यावं लागतं, म्हणजे ५०,००० लिटरला साधारण ८ लिटर हायपो. एकदा ओतून झोपू नका. सकाळी मोजा, घटलं तेवढं भरा, आणि रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी घटू लागेपर्यंत हे चालू ठेवा. तीन-चार दिवस लागू शकतात. क्लोरीन ५ च्या खाली येईपर्यंत कुणाला उतरू देऊ नका. तळ दिसत नाही अशा पाण्यात तर कधीच नाही. बुडालेलं माणूस वरून दिसत नाही.

तुरटी शेवाळ मारत नाही, मेलेलं शेवाळ आणि गाळ खाली बसवते. ५०० ग्रॅम ते १ किलो बादलीत पूर्ण विरघळवून पसरा, तासभर पंप फिरवा, मग रात्रभर सगळं बंद. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडा, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून. फिल्टरवर ठेवलात तर वाळूचे गोळे होतात. तुरटी अल्कलिनिटी खाते, नंतर मोजून खाण्याचा सोडा घाला.

फिल्टरचं फार काही नाही. रोज आठ तास तरी चालवा. वीज जात असेल तर वेळ भरून काढा. प्रेशर गेज स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८–१० पीएसआय वर गेलं की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून वाळू धुणं), व्हॉल्व्हच्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. व्हॉल्व्ह फिरवताना पंप बंद. रोज बॅकवॉश केल्याने पाणी जास्त स्वच्छ होत नाही, उलट थोडी मळलेली वाळू बारीक कण चांगले धरते.

पावसाळा

४० चौरस मीटरच्या पूलवर १०० मिमी पाऊस म्हणजे ४,००० लिटर. लोणावळ्याला जुलैत आठवड्यात ५०० मिमी पडणं नवलाचं नाही. तेवढ्यात पूल वाहून जाऊन जवळपास एक तृतीयांश पाणी बदललं जातं. सायन्युरिक फुकटात उतरतं, पण अल्कलिनिटी आणि जडपणाही उतरतात. भुकेलं झालेलं मऊ पाणी मग प्लास्टर आणि टाइल्समधलं ग्राउट खातं. म्हणून पावसात आठवड्याला अल्कलिनिटी मोजा. जडपणा २०० च्या खाली गेला तर कॅल्शियम क्लोराइड द्या, डायहायड्रेट असेल तर ७५० ग्रॅमला १० पीपीएम.

सायन्युरिक जास्त असेल तर पावसाच्या आदल्या दिवशी पाणी फूटभर खाली घ्या आणि पावसाने भरू द्या, दोन-तीनदा. पूल रिकामा मात्र करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, आणि आत वजन नसलं की फायबरचा पूल उचलला जातो, सिमेंटच्या पूललाही तडे जातात.

जकुझी म्हणजे छोटा पूल नव्हे

१,५०० लिटरच्या टबात चार माणसं बसली की पूलमध्ये शंभरावर लोक उतरल्यासारखं होतं. त्यात पाणी ३८–४० अंश. त्वचेवर पुरळ उठवणारे सुडोमोनास आणि फुप्फुसांना बाधणारे लिजिओनेला या ऊबेत वाढतात. मोकळं क्लोरीन किमान ३ पीपीएम हवं आणि तापमान ४० च्या वर नको. टीसीसीए इथे वापरूच नका, पीएच कोसळतो. एवढ्या टबात १५ मिली हायपो १ पीपीएम देतं. हवेचे जेट चालले की पीएच आपोआप चढतो, तेव्हा अल्कलिनिटी ६०–८० च्या आसपासच राहू द्या.

पाणी कधी बदलायचं? लिटरला ११ ने भागा, मग रोजच्या माणसांनी भागा. रोज चार जण बसत असतील तर साधारण महिन्याने. फेस येऊ लागला तर फेस मारणारं औषध शोधू नका, पाणी बदला.

साठवण

टीसीसीए, कॅल्शियम हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट), लिक्विड हायपो आणि ॲसिड एकाच फळीवर ठेवू नका. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपो एकत्र आले की आग किंवा स्फोट होऊ शकतो. हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. प्रत्येकाचा मग आणि बादली वेगळी, त्यावर रंगाने खूण. एकाच्या ओल्या मगने दुसरं उपसणं, हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे. औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. आणि केअरटेकर बदलला की नव्या माणसाला किल्ल्यांबरोबर हेही दाखवून द्या.