पुण्यात फ्लॅट भाड्याने देताय? नोटरीच्या नादाला लागू नका

घर भाड्याने द्यायचं म्हटलं की सल्ले देणारे ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत कुठेही भेटतात. आणि सल्ला एकच, "अकरा महिन्यांचं कर, स्टँप पेपरवर नोटरी करून टाक, रजिस्टर वगैरे कशाला." बाकीच्या राज्यात काय चालतं ते चालू दे, महाराष्ट्रात हे चालत नाही. अकरा महिने असो की अकरा दिवस, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे.

रंग, नळ, गिझर, पंखे हे तुम्ही बघालच. भाडं किती मागायचं ते पोर्टलवर बघू नका, तिथे लोक मनाला येईल ते आकडे टाकतात. आपल्याच बिल्डिंगमध्ये मागच्या चार-सहा महिन्यांत कोणते फ्लॅट कितीला गेले ते वॉचमनला विचारा. भाडेकरू निवडताना नोकरीचं पत्र आणि आधीच्या मालकाचा फोन नंबर घ्या, आणि फोन खरंच करा. "फक्त फॅमिली" हा हट्ट मला कधी कळला नाही, वेळेवर भाडं देणारी बॅचलर पोरं मी भरपूर बघितलीत.

आता अ‍ॅग्रीमेंट. इथे सावकाश वाचा.

आपण करतो ते लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायची फक्त परवानगी, कूळ म्हणून हक्क काही नाही. पेठांमधल्या वाड्यांतली मालक-भाडेकरूंची भांडणं बघत मोठ्या झालेल्या माणसाला हा फरक समजवायला नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यातलं कलम ५५ सांगतं की करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची, एजंटची नाही, भाडेकरूची नाही. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी गोम पुढे आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. उलट नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, थेट अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळाचे दुप्पट पैसे मागता येतात. हे सगळं सोडून लोक हजार-दीड हजार रुपये वाचवायला जातात!

खर्च खरंच तेवढाच आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिट परत करायचं असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मिळवायचं. म्हणजे २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, ११ महिने, तर साधारण पावणेसहाशेच्या घरात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. वरचं जे काही एजंट घेतो त्यात त्याची घरी यायची फीही असते, ती आधी ठरवा आणि कोण देणार तेही आधी ठरवा.

नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, फोटो आणि अंगठा, दोन साक्षीदार, झालं. ऐकायला सोपं. आमचा फ्लॅट आईच्या आणि माझ्या नावावर आहे आणि आईचा अंगठा मशीन घ्यायलाच तयार नाही, एजंट मशीन पुसतोय, आई हात पुसतेय, भाडेकरू घड्याळ बघतोय. वय झालं की बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचं आधारचं बायोमेट्रिक आधीच आधार केंद्रात जाऊन अपडेट करून घ्या, त्या दिवशी हात ओल्या फडक्याने पुसा, दुसरं बोट लावून बघा. दुसरी गंमत म्हणजे आधारचं बायोमेट्रिक कधीतरी सेफ्टी म्हणून लॉक केलेलं असतं आणि आपण विसरलेलो असतो, ते आदल्या दिवशी उघडून ठेवा. काहीच जमलं नाही तर दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन करता येतं. सहमालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी तयार पाहिजे, "तो आला की सही करेल" असं म्हणू नका.

मसुदा एजंटवर सोडू नका. तो मागच्या गिऱ्हाइकाचाच कॉपी-पेस्ट करतो. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर तुमच्या खरेदीच्या इंडेक्स टू वरून, म्हणजे नोंदणी ऑफिसातून मिळालेल्या खरेदीच्या गोषवाऱ्यावरून, अक्षर न् अक्षर जुळवा, चूक असेल तर अर्ज परत येतो. नोटीस किती महिन्यांची, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता किंवा सोडायला सांगता येत नाही तो, आहे का, सोडताना रंगाचे पैसे कापणार का आणि किती, हे सगळं आकड्यात लिहा. "नंतर बघू" ठरलेल्या गोष्टीवरूनच शेवटी भांडण होतं. आणि नोंदणी झाल्याशिवाय चावी देऊ नका, माणूस कितीही सज्जन वाटो.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या. फ्लॅट वाकड-हिंजवडीकडे असेल तर आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं, पुण्याचं नाही, लोक हमखास तिथे चुकतात. सोसायटीची परवानगी आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, लागत नाही, आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, कमिटी कितीही मागो.

पुणे मनपा हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते, तर भाडं ठरवताना हे धरा. इन्कम टॅक्समध्ये भाडं दाखवा, भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळतेच.

चावी देताना महावितरणच्या मीटरचा आणि पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा फोटो काढा, भाडेकरूला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि त्याच्याकडून "ओके" लिहून घ्या. सोडतानाही तेच. शेवटचं वीजबिल तो गेल्यावर येतं, त्यामुळे डिपॉझिटमधून तेवढी अंदाजे रक्कम ठेवून बाकीची त्याच दिवशी खात्यावर टाका, आणि बिल आल्यावर उरलेले पैसे त्याने मागायच्या आत पाठवा.