हॅशटॅग टाकण्याआधी तो एकदा शोधून बघा

सोशल मीडियावरची पोस्ट तयार झाली की #फॅशन, #सुंदर, #बिझनेस असे टॅग भराभर चिकटवले जातात. पण असल्या अफाट टॅगमध्ये तुमची पोस्ट क्षणात खाली ढकलली जाते. हाताने शिवलेल्या चामडी बॅगा विकत असाल तर #बॅग पेक्षा #हाताने_शिवलेली_बॅग किंवा #ऑफिससाठी_लेदरबॅग बरा. बघणारे कमी असतील, पण तेच खरे गिऱ्हाईक. तीन ते पाच नेमके टॅग पुरतात. यूट्यूबवर तर एका व्हिडिओला ६० च्या वर हॅशटॅग लावले तर ते सगळेच दुर्लक्षित होतात.

टॅग आधी सर्चमध्ये टाका आणि वरच्या दहा-बारा पोस्ट नीट बघा. तिथे तुमच्यासारखा माल दिसतो की भलतंच काही? हे दोन मिनिटांचं काम कधीच टाळू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत एका पिझ्झा ब्रँडने #व्हायआयस्टेड (म्हणजे ‘मी का राहिले’) हा चर्चेतला टॅग अर्थ न बघता जाहिरातीसाठी वापरला. त्या टॅगखाली घरगुती हिंसाचार सोसलेल्या स्त्रिया आपली व्यथा मांडत होत्या. ब्रँडला पोस्ट काढून जाहीर माफी मागावी लागली.

लिहिताना मध्ये जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो, म्हणून शब्द अंडरस्कोअरने (_) जोडा. नुसत्या आकड्यांचा टॅग काही ठिकाणी चालत नाही. आणि तोच संच रोज कॉपी-पेस्ट करू नका. पोस्टमध्ये जे दिसतं, तेच टॅगमध्ये यायला हवं.