सिगारेट सोडायची आहे? मग गम नीट चघळा

एसटी स्टँडला लागून माझं मेडिकल आहे. कॉलेजचे पोट्टे निकोटिन गम घ्यायला येतात आणि गिऱ्हाईक हटेपर्यंत उगाच बामच्या डब्या न्याहाळत उभे राहतात. लाजू नका बाबाहो. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीविना मिळतो. सकाळी उठल्या उठल्या अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर ४ चा लागू शकतो, त्याला मात्र डॉक्टरची चिठ्ठी आणा. वय १८ च्या आत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर कोणताही गम आधी डॉक्टरला विचारूनच.

बहुतेक जण गम कचाकचा चावतात. निकोटिन लाळेसोबत पोटात उतरतं, उचक्या लागतात, मळमळतं, मग माझ्याकडेच तक्रार, "काका, बेकार माल आहे हा." तो हळूहळू चावायचा. जिभेला मिऱ्यासारखं चुणचुणलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधात दाबून ठेवायचा. चुणचुण गेली की पुन्हा थोडा चावा, जागा बदला. असा अर्धा तास. पंधरा मिनिटं आधीपासून गम थुंकेपर्यंत चहा, कोल्ड्रिंक बंद. तोंड आंबट असलं की हिरडीतून निकोटिन शोषलंच जात नाही. पाणी चालतं.

पहिले तीन-चार दिवस डोकं भणाणतं, चिडचिड होते. ते दिवस गावी काढा. बाबांसमोर तुम्ही ओढत नाही, आणि दिवाळीत कापूस वेचायला गेलात तर हातही रिकामे राहत नाहीत.

वेपवाल्यांचं, म्हणजे ई-सिगारेटवाल्यांचं, जरा अवघड. सिगारेट निदान संपते. हे यंत्र वास न येता पांघरुणातही चालतं, किती झुरके झाले याचा हिशोब नाही. म्हणून आधी खोलीत ओढणं बंद, मग तारीख ठरवून यंत्रच टाकून द्या. तसंही २०१९ च्या कायद्याने ते विकणं गुन्हा आहे. आत नेमकं काय भरलंय, हे विकणाराही सांगू शकत नाही.

आणि आपल्याकडची खरी गोम म्हणजे खर्रा. सिगारेट सोडली म्हणून पानठेल्यावर खर्रा घोटून घेतला, तर काही सुटलं नाही. तंबाखू तोच, वरून सुपारी, जी एकटीही कॅन्सर करते. आरशासमोर तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. अडत असतील तर थेट दातांच्या डॉक्टरकडे.

मदतीला सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६. तो पाकिटावर छापलेला असतो. सुट्या विक्रीवर राज्यात २०२० पासून बंदी असूनही तुम्ही एकेक घेता, पाकीट बघायला मिळत नाही, म्हणून इथे दिला.