नवा साप आणलाय? मग या चुका टाळा, नाहीतर जुने पण आजारी पडतील

पाण्याच्या भांड्याच्या तळाला मिरपूड सांडल्यासारखं काहीतरी काळं काळं दिसलं, मला वाटलं सबस्ट्रेटचा (टबच्या तळाला अंथरतो त्याचा) कचरा असेल, भांडं धुतलं आणि परत ठेवून दिलं. दोन दिवसांनी परत तेच, आणि साप कधी नव्हे तो दिवसभर पाण्यातच बसून. तेव्हा कुठे ट्यूब पेटली, माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे! नवा बॉल पायथन आणून जेमतेम आठवडा झाला होता आणि तोवर शेजारच्या दोन सापांच्या टबमध्ये पण ते पोचले होते.

चूक सरळ होती, साप छान दिसतोय, खातोय, मग वेगळा कशाला ठेवायचा. पण दिसण्यावर जाऊच नका. बोआ जातीच्या सापांमध्ये आयबीडी नावाचा व्हायरल आजार असतो, तो अंगात असूनही बोआ महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं ठणठणीत दिसतो. तोच पायथनला झाला की मान वाकडी व्हायला लागते, उलटा केला तर सरळ होता येत नाही, आणि यावर औषध नाही. म्हणून क्वारंटाइन कमीत कमी ३ महिने, बोआ पायथन असतील तर मी ६ महिने धरतो. आणि वेगळी खोली म्हणजे वेगळी खोली, त्याच रॅकचा खालचा कप्पा नाही. आत फक्त किचन टॉवेल टाका, दिसायला भिकार दिसतं पण शी कशी आहे, रक्त आहे का, माइट्स फिरतायत का सगळं लगेच कळतं.

माइट्स झाले की लोक सापालाच आंघोळ घालत बसतात. अहो मादी अंडी सापावर घालतच नाही, खाली उतरून टबच्या फटीत, हाईडच्या (सापाला लपायला ठेवतो त्या खोक्याच्या) खाली घालते. त्यामुळे सापावर उपचार आणि टबची सफाई दोन्ही एकाच दिवशी करायचं, आणि अंड्यातून नवे निघणार म्हणून पुढचे काही आठवडे डॉक्टर सांगतील तसं परत परत करायचं. लाकडी हाईड सरळ फेकून द्या, जीव अडकवू नका त्यात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, जी आपल्या लक्षातच येत नाही: आजार आपणच फिरवतो. एकाने सोडलेला उंदीर दुसऱ्याला (वाया कशाला घालवायचा म्हणून!), एकच चिमटा, एकच हुक, सगळी भांडी एकाच बादलीत. क्वारंटाइनवाल्याचं सामान वेगळं ठेवा आणि त्याचं काम रोज सगळ्यात शेवटी करा, त्यानंतर हात धुऊन कपडे बदलले की त्या दिवशी बाकीच्यांकडे जायचं नाही. हात तर तसेही धुवायचेच, साल्मोनेला नावाच्या जिवाणूचा आजार आपल्याला पण होतो.

ब्लीचवर आंधळा विश्वास नको. घाण तशीच ठेवून वरून मारलं तर ते नीट काम करत नाही, आधी साबणाने घासा, मग १ भाग ब्लीच ९ भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्या, धुऊन वाळवा. पण क्रिप्टो नावाच्या परजीवीचा आजार असेल, म्हणजे साप खाल्लेलं सारखं उलटून टाकतोय आणि अंगाच्या मध्यावर फुगलाय, तर ब्लीचने काही होत नाही, तिथे वाफेची उष्णता लागते, नाहीतर सामान टाकूनच द्या. आणि ब्लीचमध्ये अमोनियावालं काही मिसळायचं नाही हं, विषारी वायू होतो.

नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर असं दिसलं तर "गारठला असेल" म्हणून हीट वाढवून गप्प बसू नका. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर अजिबात नको, व्हायरस असेल तर त्याचा उपयोग शून्य आणि दिवस फुकट जातात. स्वॅब टेस्ट करून घ्या.

आणि एखादा गेलाच तर लगेच पुरून टाकू नका, फ्रीझरमध्ये पण नको, बर्फाने आतले टिश्यू खराब होतात. दोन पिशव्यांत बांधून साध्या फ्रिजमध्ये, खाण्यापासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर पोस्टमॉर्टेमला न्या. जाताना बाकीचे साप किती, कोण कुणाच्या शेजारी होता, कुणाचा चिमटा कुणाला वापरला, हे कागदावर लिहून न्या, डॉक्टर तेच विचारणार.